शनिवारची पानं

माझी ताई शिक्षिका होती ती एकूण सात महिने आणि काही दिवस. त्याआधी सहा वर्षं ती पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती, आणि आता पुन्हा तिथेच आहे. मधलं ते वर्ष का गेलं, असं कोणी विचारलंच तर ती "घरगुती कारण" म्हणून विषय संपवते. घरात तसं काहीही घडलं नव्हतं. मी तिची धाकटी बहीण, त्या वर्षी एकाच खोलीत तिच्या शेजारच्या पलंगावर झोपणारी, त्यामुळे मला माहीत आहे.

सुरुवात मोठ्या बाईंपासून करायला हवी. आम्ही शाळेत होतो तेव्हा त्या मोठ्या बाई नव्हत्या, नुसत्या विज्ञानाच्या बाई होत्या. ताईचा आवाज लहानपणापासून इतका बारीक की वर्गात हजेरी दिली तरी बाईंना ऐकू जायची नाही आणि गैरहजेरी लागायची. मुली तिला 'कुजबुज' म्हणायच्या. बाईंनी एक दिवस तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. रिकाम्या सभागृहात ताईला व्यासपीठावर उभं केलं, स्वतः शेवटच्या रांगेत वह्या तपासत बसल्या आणि म्हणाल्या, "वाच. ऐकू आलं नाही की मी पेन्सिल वर करीन." असं रोज दहा मिनिटं, पूर्ण वर्षभर. वर्षाच्या शेवटी ताई सगळ्या शाळेसमोर उभी राहून चुंबकावर बोलली आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. आई रडली. बाबा त्यानंतर नेहमी म्हणायचे, "या घरात माझ्या मताचा दुसरा नंबर. पहिला बाईंचा." ते खरंच होतं. कुठल्या शाखेला जायचं, चष्मा लावायचा की नाही, लग्नाला आलेल्या स्थळाला नाही कसं म्हणायचं, सगळ्याला ताईचा एकच आधार, "बाई म्हणाल्या."

प्रयोगशाळेतली नोकरी ताईला आवडत होती. वेगवेगळ्या वस्त्यांतून नळाच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या, त्यांना चिठ्ठ्या लावायच्या, तपासायचं, नोंद करायची. कधीमधी शाळेची मुलं ते सगळं बघायला यायची तेव्हा समजावून सांगायचं काम ताईकडे असायचं. ती दोन ग्लास पुढे ठेवायची, एकात स्वच्छ दिसणारं पाणी आणि एकात जरा गढूळ. "कुठलं प्याल?" सगळी मुलं स्वच्छ ग्लासकडे बोट दाखवायची. मग ती सांगायची की गढूळ पाण्यात नुसती माती आहे, आणि ज्याच्याकडे तुम्ही बोट दाखवलंत ते प्यायलात तर आठवडाभर अंथरूण धराल. मुलं तोंडाचा आ करून बघत राहायची.

अशाच एका भेटीला बाई आपल्या शाळेची मुलं घेऊन आल्या. तोवर त्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. भेट संपल्यावर त्यांनी ताईला बाजूला घेतलं.

"अगं, तू इथे बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत काय बसलीस? शिकवायला जन्मलेली पोरगी तू!"

"बाई, मला वर्ग सांभाळता येईल का पण?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायमची नोकरी आहे बाळा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." आईला मनातून आनंद झाला होता, पण बाबांसमोर तिने तो दाखवला नाही. ताईने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन दोन वर्षांत शिक्षकी पदवी घेतली. सराव म्हणून तिला दिलेले वर्ग शहाण्या मुलांचे होते, पाहुणीसमोर हात बांधून बसणाऱ्या. प्रयोगशाळेच्या साहेबांनी राजीनामा घेताना एवढंच म्हटलं, "पोरी, तुझी जागा मला राखून ठेवता येणार नाही." ताई म्हणाली, "नका ठेवू साहेब." आनंदात माणूस किती सहज बोलून जातो.

तिला आठवी 'क' मिळाली. सेहेचाळीस मुलं. पहिल्या दिवशी बाई स्वतः ओळख करून द्यायला वर्गात आल्या. ताई त्या दिवशी घरी येऊन हसत हसत सांगत होती की बाईंनी किती कौतुकाने ओळख करून दिली. "ही माझी लाडकी विद्यार्थिनी. हिचा आवाज एवढा बारीक होता की आम्ही हिला कुजबुज म्हणायचो. आज बघा, तुम्हाला शिकवायला उभी आहे."

मी हसले नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते, माणसाला दुसऱ्याची दुखरी जागा कळली की तो काय करतो ते मी रोज बघते. 

तिसऱ्या दिवशी ताईने "सुप्रभात" म्हटलं तर सेहेचाळीस जणांनी नुसते ओठ हलवत, आवाज न काढता उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात गुणगुण सुरू झाली. तोंड मिटून एकाने 'म्म्म' सुरू करायचं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. कोण करतंय ते ओळखता येत नाही, कारण सगळ्यांची तोंडं मिटलेली आणि सगळ्यांचे डोळे पुस्तकात. ताई जिथे जाऊन उभी राहील तिथली गुणगुण थांबायची आणि तिच्या पाठीमागे सुरू व्हायची. खडू ओला करून ठेवलेला. फळा पुसायचं फडकं खिडकीबाहेर. हजेरीच्या वहीत दोन नावं वाढलेली, एक कुत्र्याचं आणि एक तिचं स्वतःचं. पुढारी म्हणजे मधल्या रांगेतला एक उंच मुलगा, ज्याला सगळे 'कप्तान' म्हणायचे. तो कधीच काही करताना सापडायचा नाही. उलट तोच उठून म्हणायचा, "मॅडम, यांना जरा ओरडा ना. आम्हाला शिकायचंय." आणि वर्ग खिदळायचा.

एकेका खोडीत जीव जाण्यासारखं काही नसतं. पण दिवसाला पाच तास, आठवड्याचे सहा दिवस. ताईचं जेवण कमी झालं. सकाळी बूट घालताना ती एक बूट हातात धरून बसून राहायची. आई विचारायची, "बरं वाटत नाही का गं?" तर म्हणायची, "लेस शोधतेय." त्या बुटांना लेस नव्हत्या.

ती बाईंकडे गेली. बाईंनी चहा मागवला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिलं वर्ष असंच जातं. तू एक कर. दर शनिवारी आठवड्यात काय घडलं ते मला लिहून दे. अगदी मोकळेपणी लिही, तुला काय वाटतं तेही. हे तुझ्या-माझ्यात राहील. मी पाठीशी आहे तुझ्या."

तेव्हापासून शनिवार दुपार म्हणजे ताईचं लिहिणं. जेवणं झाली की ती टेबलापाशी बसायची. बारीक, सरळ अक्षर, समास सोडलेला, बाटल्यांच्या नोंदी करायची तसं. मी एकदा तिच्या खांद्यावरून डोकावले. लिहिलं होतं, 'मंगळवारी तिसऱ्या तासाला मी वर्गाबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. साधारण दोन मिनिटं. मला या वर्गाची भीती वाटते.'

"हे पण द्यायचं?" मी विचारलं.

"बाईंना द्यायचंय गं. बाहेरच्या कोणाला नाही."

शिक्षकांच्या खोलीत एक गणिताचे सर होते. निवृत्तीला आलेले, डबा उघडून सगळ्यांना पुढे करणारे. एक दिवस त्यांनी ताईला विचारलं, "तुम्ही स्वतः मागून घेतलात का तो वर्ग?"

"नाही. दिला मला."

"तुमच्या आधी दीड वर्षात तिघं गेली त्या वर्गामुळे. एक जण तर छत्री वर्गातच टाकून पळाला. तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

ताईने घरी येऊन मला हे सांगितलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "मी घाबरू नये म्हणून बाईंनी सांगितलं नसेल."

मधे एक चांगला दिवसही आला, तोही सांगायला हवा. ताईने पाण्याने भरलेल्या बशीत मेणबत्ती लावून तिच्यावर उपडा ग्लास ठेवला. ज्योत विझली आणि पाणी ग्लासात वर चढलं. वर्ग गप्प झाला, आणि ही शांतता चेष्टेची नव्हती. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी वेणीचं टोक चघळत बसायची, ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, पण ज्योत जळत होती तेव्हा नाही ना चढलं. विझल्यावर चढलं. असं का?" ताई म्हणाली की तो प्रश्न ऐकून तिला त्या मुलीला कडेवर घ्यावंसं वाटलं. अकरा मिनिटं वर्ग त्यावर बोलत होता. अकरा, तिने घड्याळात बघितलं होतं. मग कप्तानाने ओठ मिटले आणि 'म्म्म' सुरू केलं. पण त्या संध्याकाळी ताई दोन पोळ्या जास्त जेवली. शेवटच्या बाकावरची ती मुलगी नंतर रोज एक प्रश्न घेऊन यायची आणि ताई तिच्यासाठी घरी पुस्तकं चाळत बसायची.

आठव्या महिन्यात प्रयोगाचे तास सुरू व्हायचे होते. ताईने शनिवारच्या पानात स्पष्ट लिहिलं, 'सेहेचाळीस मुलं आणि पेटते दिवे मला एकटीला सांभाळता येणार नाहीत. दुसरं मोठं माणूस सोबत हवं.' बाई म्हणाल्या, "मी स्वतः येईन. घे तू तास."

त्या दिवशी बाई आल्या नाहीत. ताईने दहा मिनिटं वाट पाहिली, शिपायाला निरोप देऊन पाठवलं. निरोप आला, "सुरू करा, येतेच." दिवे पेटले. चिमटे कमी पडले म्हणून ताई लागूनच असलेल्या सामानाच्या खोलीत गेली, आणि मागे कडी लागली.

आधी तिला वाटलं वाऱ्याने लागली. मग बाहेरून गुणगुण ऐकू आली. तिने दार ठोकलं, हाका मारल्या. आत काचेची भांडी, एक झरोका आणि ती. ती सांगते की सुरुवातीला तिला राग आला, मग लाज वाटली, आणि मग गुणगुण एकदम थांबली. पाठोपाठ किंकाळी. शिपायाने धावत येऊन कडी काढली तेव्हा शेवटच्या बाकावरची ती मुलगी हात पोटाशी धरून खाली बसली होती. कोणीतरी धक्का दिला होता आणि दिवा तिच्या मनगटावर कलंडला होता. ताईने तिचा हात वाहत्या नळाखाली धरला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तिला सोडलं नाही. जखम फार खोल नव्हती. डाग मात्र राहणार होता.

चौथ्या दिवशी शाळा चालवणाऱ्या मंडळाची बैठक झाली. मुलीचे वडील, कप्तानाचे आईवडील, मंडळाची पाच माणसं, बाई आणि ताई. बैठकीला जाताना ताई मला म्हणाली, "बरं झालं, निदान सगळं लिहिलेलं आहे. बाई पानं दाखवतील."

बाईंनी पानं दाखवली. ताईने सांगितलेली हकीगत मी जशीच्या तशी सांगते, कारण इतक्या वर्षांत तिच्यातला एक शब्द बदललेला नाही.

मुलांचे जबाब आधी वाचले गेले. कडी आपोआप लागली, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. हात भाजलेल्या मुलीने लिहिलं होतं, 'दार कोणी लावलं मला माहीत नाही. मॅडम कधी कधी वर्गाबाहेर जातात.' मग मंडळाच्या अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला या शिक्षिकेबद्दल आधी काही कल्पना होती का?" बाईंनी पिशवीतून ताईच्या पानांचा गठ्ठा काढला. चष्मा लावला आणि वाचलं. "'मी वर्गाबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.' हे त्यांचंच अक्षर आहे. 'मला या वर्गाची भीती वाटते.' हेही. मी त्यांना समजून घेण्याचा खूप प्रयत्न केला. माझीच विद्यार्थिनी म्हणून जरा जास्तच. ती माझी चूक."

दुसरं मोठं माणूस हवं असं लिहिलेलं पान त्या गठ्ठ्यात वरून तिसरं होतं. बाईंचा अंगठा त्याच्यावर होता. ताईला तो अंगठा दिसत होता.

"तू बोलली का नाहीस?" मी तिला नंतर हजार वेळा विचारलं असेल.

"मी बाईंकडे बघत होते," ती म्हणायची. "वाटलं, आता त्या पुढचं वाचतील."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. ताईला राजीनामा देण्याची मुभा दिली गेली, म्हणजे शिक्षेचा शेरा नको असेल तर स्वतःहून जा. ती सही करून बाहेर आली. फाटकापाशी गणिताचे सर उभे होते. त्यांनी सांगितलं की त्याच बैठकीत पुढचा विषय बाईंना मुदतवाढ द्यायची की नाही, हा होता. मागाहून कळलं, दिली, पाच वर्षांची.

घरी बाबा चिडले. "मी जातो. मी बोलतो त्या बाईशी. पोरीचा केसाने गळा कापला!" ताई म्हणाली, "बाबा, बसा." आई स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. माझ्या मनात मात्र दुसरंच होतं. मी म्हटलं, "आणि त्या पोरीने? तिच्यासाठी तू पुस्तकं शोधत होतीस ना?"

"तिला त्याच पोरांबरोबर अजून दोन वर्षं काढायची आहेत," ताई म्हणाली. "तिने काय लिहायला हवं होतं? तिचं मला कळतं."

मग म्हणाली, "लागलं. पण कळतं."

त्यानंतर चार महिने ती घरी होती. दुसऱ्या शाळांच्या जाहिराती बाबा कापून तिच्या उशीपाशी ठेवायचे. एका शाळेने बोलावलं, ती गेलीही, पण प्रवेशद्वारातून मधल्या सुट्टीचा गलबला ऐकू आला आणि ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मुलाखतीची वेळ टळून जाईपर्यंत उभी होती. मग घरी आली आणि जाहिरातींचा गठ्ठा बाबांना परत दिला. म्हणाली, "पोरं वाईट नसतात बाबा. पोरं पोरांसारखीच वागतात. पण एकटीने त्यांच्यासमोर उभं राहायला पाठीमागे कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. ते मला आता कुठल्याच शाळेत वाटणार नाही."

प्रयोगशाळेत तिची जागा भरली गेली होती. साहेबांनी तिला तात्पुरत्या कामावर घेतलं, वस्त्यावस्त्यांत फिरून नळाखाली बाटल्या धरायचं. आधी जे काम तिच्या हाताखालची माणसं करायची ते. तिने दोन वर्षं केलं. मग कोणीतरी बदली होऊन गेलं आणि ती टेबलावर परत आली. आज त्या विभागाची प्रमुख आहे. शाळेची मुलं बघायला येतात तेव्हा समजावून सांगायला तिने एका नव्या मुलीला तयार केलं आहे. त्या दिवशी ताई हटकून बाहेरचं काम काढते.

हे सगळं होऊन नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात आम्ही दोघी आईला डोळे तपासायला घेऊन गेलो होतो. दवाखान्यात बसायला लांबलचक बाकं, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, हातात नंबराच्या चिठ्ठ्या. समोरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, सोबत सून. त्यांनीच ताईला ओळखलं आणि उठून आल्या.

"अगं, किती वर्षांनी!" त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि सुनेकडे वळल्या. "ही माझी फार हुशार विद्यार्थिनी बरं का. मीच हिला शिकवण्याच्या पेशात आणलं होतं. पण पोरं जरा द्वाड होती, हिला झेपलं नाही."

सून हसली. आईने माझा दंड घट्ट धरला. ताईने आपला हात सोडवून घेतला, हळूच, ओढून नाही.

"पोरं झेपली असती, बाई," ती म्हणाली. "तुम्ही झेपला नाहीत."

बाई गोंधळल्या. खरोखर गोंधळल्या, ते सोंग नव्हतं. "म्हणजे काय गं? मी काय केलं?"

"बैठकीत माझी पानं वाचलीत."

"कुठली पानं?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती सगळं सांगेल, वार, तास, अंगठा. पण आमचा नंबर पुकारला गेला. ताईने आईला उठवलं, तिची काठी तिच्या हातात दिली आणि आत घेऊन गेली. बाई तिथेच उभ्या होत्या. सुनेला विचारत होत्या, "कसली पानं म्हणाली ती?"

परत येताना मी रिक्षात म्हटलं, "म्हाताऱ्या झाल्यात. विसरल्या असतील. सोडून दे आता."

"त्या विसरल्या म्हणून मी सोडून द्यायचं?" ताई म्हणाली. "नऊ वर्षं मी समजत होते की त्यांनाही ते बोचत असेल. एखाद्या शनिवारी तरी. तेवढ्यावर मी त्यांना थोडंफार माफ करत आले होते गं."

आई मधे बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला धड दिसत नव्हतं. तिने अंदाजाने ताईचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.